चाचांच्या तुंबड्या

सकाळपासून दगडोबाची छाती आवळत होती, डाव्या हाताला मुंग्या आन् अंगाला दरदरून घाम. तरी गडी दवाखान्याचं नाव काढू देईना. "चाचा, तुमी तुंबड्याच लावा. मला दुसरं काय बी नगं."

फकरुद्दीनचाचांनी तुंबड्या लावून अर्ध्या लोहारा गावाच्या पाठी मोकळ्या केल्या होत्या. पण हा घाम बघून त्यांनी ओळखलं, हे काम तुंबड्यांचं नव्हे. पिशवी उघडताना ती हातातून सुटली आन् काचेच्या तुंबड्या फरशीवर पडून खळकन फुटल्या.

"आता दवाखान्याबिगर इलाज न्हाय, दगडोबा," चाचा म्हणाले. दगडोबाचा लेक जीप आणायला पळाला.

 

एक तुंबडी तेवढी शाबूत राहून खाटेकडं घरंगळली. दगडोबाला दिसायच्या आत चाचांनी तिच्यावर अनवाणी टाच दाबून तीही फोडली.