धावजीची जपानी

मुलीला सांगून आलेला पोरगा टोकियोच्या विद्यापीठात जपानीचं एम.ए. करून राह्यला, हे काही उकंडरावांच्या गळी उतरेना. एवढ्या लांब जाऊन कोणी नुसती भाषा शिकतं? म्हणून मुलगी दाखवायच्या दिवशी त्यांनी तांड्यावरच्या धावजीला बैठकीत आणून बसवलं. वीस वर्षांमागच्या महायुद्धात धावजी तीन वर्षं जपान्यांच्या कैदेत होता.

"बोला थोडं जपानी," उकंडराव पोराला म्हणाले.

वसंता आदबीने चार वाक्यं बोलला.

धावजीने मान हलवली. "हे जपानी नाई, पाटील. तीन वर्सं आयकलं म्या. एवढं हळू थे कोणीच बोलत नव्हते."

उकंडरावांनी बायकोकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

वसंता चिडला. त्याने फौजी आवाजात एकच जपानी शब्द फेकला. त्यासरशी धावजी उठला, हात मांड्यांना चिकटवले आणि कमरेत वाकला.

"आता बराबर," तो वाकूनच म्हणाला.

वसंताचा चेहरा उतरला. खुर्चीकडे हात करत त्याने हळूच जपानीत म्हटलं, बसा.

धावजी हलला नाही. तिकडे त्याला हे कोणी कधी म्हटलंच नव्हतं.