सॅलिसबरीचा साक्षीदार

मॉलच्या काचेच्या दारात गार्डने हात आडवा केला, तो फक्त इम्तियाजपुढे.

"आज जुम्मा है, चाचा. फॅमिली डे. अकेले मर्द अंदर नहीं."

शरफुद्दीन परकार आणि त्यांची चौदा वर्षांची नात अनीसा आत पोचली होती. इम्तियाज बाहेरच राहिला. शरफुद्दीनच्या सख्ख्या बहिणीचा हा मुलगा, वय बेचाळीस, रत्नागिरीहून आखातात येऊन तीन वर्षं इंडस्ट्रियल एरियात वेल्डिंग करणारा. मॉलमध्ये बर्फावर माणसं घसरतात असं त्याने मजुरांच्या कॅम्पात ऐकलं होतं, ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. त्यासाठी खास इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. इस्त्रीने हातांवरचे भाजल्याचे डाग थोडेच झाकतात!

"ये आपके साथ है क्या?" गार्डने विचारलं.

हो म्हणायला असा किती वेळ लागतो? माझा भाचा आहे, एवढं म्हटलं असतं तरी त्या गार्डने, तोही बिचारा केरळहून पोटासाठीच आलेला, कानाडोळा केला असता. पण युनिफॉर्म दिसला की शरफुद्दीन आधी मागे सरायचे, ते काही आजचं नव्हे. त्यातून त्यांचा व्हिजिट व्हिसा सुनेने, नफिसाने, हजार खटपटी करून वाढवून घेतलेला. नसतं लचांड कशाला मागे लावून घ्या? आणि खरं सांगायचं तर त्या काचेच्या दारात, त्या अत्तर लावलेल्या गर्दीत, त्यांना भाच्याची लाज वाटली.

"ड्रायव्हर है," ते म्हणाले. "बाहर रुकेगा."

इम्तियाजला सायकलशिवाय काही चालवता येत नव्हतं. त्याने क्षणभर मामूकडे बघितलं. मग, मामू अडचणीत नको यायला, म्हणून लगेच मान खाली घातली.

"जी साब," तो म्हणाला आणि उन्हातून पार्किंगकडे चालू लागला.

आत हवा कशी गारेगार होती. अनीसाने चार्टपेपर घेतले. दुहैलच्या तिच्या शाळेत रविवारी इतिहासाचा प्रोजेक्ट द्यायचा होता, ब्रिटिशांच्या एखाद्या वसाहतीवर. अर्ध्या वर्गाने भारत घेतला होता. तिने आजोबांचं जन्मगाव जिथे होतं ती सदर्न ऱ्होडेशिया घेतली, कारण प्रत्यक्ष बघितलेला माणूस घरातच होता. पण आठ दिवस ती मागे लागली तरी शरफुद्दीन दाद देत नव्हते. जुनी मढी कशाला उकरायची, म्हणायचे. आता मात्र ती कॉफीच्या टेबलावर वही उघडून गप्प बसली होती. इम्तियाजचाचाबद्दल एक शब्द नाही. ते गप्प बसणं सहन होईना, तेव्हा शरफुद्दीननी आपणहून तोंड उघडलं.

"एकोणीसशे एक्कावन्न साल. सॅलिसबरी शहर, ऱ्होडेशियाची राजधानी. मी दहा वर्षांचा. माझे अब्बा टेलर होते. मला शाळेचे बूट घ्यायला एका मोठ्या दुकानात घेऊन गेले. दारातच अडवलं. आमच्या रंगाच्या माणसाने आत यायचं तर बरोबर गोरा साहेब पाहिजे."

अनीसाचं पेन भराभर चाललं होतं. "देन?"

"तेवढ्यात टर्नबुलसाहेब आले. मोठे वकील. अंगातला कोट अब्बांनीच शिवलेला. दारवानाने त्यांना विचारलं, हे दोघं तुमच्याबरोबर आहेत का?"

इथे शरफुद्दीन अडखळले. टर्नबुलने आधी अब्बांकडे बघितलं होतं, मग आपल्या कोटाच्या बाहीकडे, आणि "नाही" म्हणून तो आत निघून गेला होता. अब्बा बूट न घेताच त्यांना घरी घेऊन आले होते. ते "नाही" शरफुद्दीननी चोपन्न वर्षं काळजात जपलं होतं. दारवानाला ते कधीच विसरले, टर्नबुलला नाही. अडवणाऱ्याचं ते कामच असतं, ओळख नाकारणाऱ्याला मात्र माफी नाही, असं ते मनाशी म्हणत आले होते.

"दादा? व्हॉट डिड ही से?"

नात डोळे रोखून बघत होती. "नाही" हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण आज, तिच्यासमोर, तो त्यांना उच्चारता येईना.

"म्हणाले..." त्यांनी कॉफीचा कप बाजूला सरकवला. "म्हणाले, हो. माझ्याबरोबर आहेत."

"रियली?"

"हो."

अनीसाने लिहिलं. नावाचं स्पेलिंग विचारलं. शरफुद्दीननी एकेक अक्षर सांगितलं, एकही विसरले नव्हते. तिने त्या नावाखाली दोन रेघा ओढल्या, वही मिटली, आणि एरवी आजोबांना इंग्रजीतच उत्तरं देणारी ती पोरगी सावकाश, शुद्ध मराठीत म्हणाली,

"मग तो तुमच्यापेक्षा चांगला होता, दादा."