सातव्या वळणाला बुजणारी गाडी

घाटातल्या सातव्या वळणाआधी गाडी थांबली आणि म्हणाली, "पुढं मी नेणार नाही."

मागच्या सीटवर भैरू कोळेकरची बायको रुक्मा कळांनी तळमळत होती. दवाखाना घाटाखाली होता. स्वतः चालवावी, तर असल्या आपोआप चालणाऱ्या गाड्यांना स्टिअरिंगच नसतं. भैरूनं गाडी विकणाऱ्या एजंटला फोन लावला.

"शिवा, गाडी सातव्या वळणाला अडलीय. ठोकलेली नाही म्हणाला होतास ना?"

"काका, पत्रा नवा बसवला, किलोमीटर मागं फिरवले. पण गाडीची आठवण कुणाच्या बापाला पुसता येत नाही. त्या वळणावर आधीचा मालक दरीत गेला. म्हणून तर स्वस्तात मिळाली तुम्हाला!"

नवी गाडी घेणारा तिला आपल्याला हवं ते शिकवतो. गरिबाच्या वाट्याला गाडीही दुसऱ्याची आणि भीतीही दुसऱ्याचीच.

"अहो, काहीतरी करा!" रुक्मा किंचाळली.

भैरूच्या शिव्या देऊन झाल्या. मग त्याला बापाचा बैल आठवला, ओढ्याला बुजणारा. बाप त्याला कधी मारत नसे. आधी स्वतः पाण्यात उतरायचा.

भैरू खाली उतरला आणि गाडीपुढं, दरीच्या कडेकडेनं चालू लागला. "बघ माझ्याकडं. मी चाललोय ना? ये मागनं."

चाकं थरथरली, मग हळूहळू फिरू लागली. वळण सरलं तेव्हा त्याचा सदरा घामानं भिजला होता.

"तुम्ही पडला नाहीत," गाडी म्हणाली.

"नाही पडलो, बाई," भैरू दार ओढून आत बसला. "आता पळ."