दिव्याची कड

गुड्रुनच्या हाताची मागची बाजू ऑपरेशनच्या टेबलावरच्या दिव्याच्या कडेला टेकली. नुसती टेकली, माशी बसावी तेवढी. आणि त्याच हाताने तिने हाड जोडायची पोलादी पट्टी उचलून डॉक्टर हेबर्ले यांच्यापुढे धरली.

कुणाचंच लक्ष नव्हतं. डॉक्टर मोडलेल्या नडगीवर वाकले होते. एगोन नावाचा हा धुराच्या चिमण्या झाडणारा माणूस सकाळी छपरावरून घसरला होता. हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं, काजळीने माखलेलं. ती काजळी काढायला नऊ लिटर सलाइन लागलं होतं.

"चिमणीवाल्याला हात लावला की नशीब उघडतं म्हणतात," भूल देणारा यॉर्ग उशाकडून म्हणाला. "आपण तर त्याच्या हाडालाच हात घातलाय. लॉटरीचं तिकीट काढा आज सगळे."

"तू त्याचा रक्तदाब बघ," डॉक्टर गुरकावले. "आणि सिस्टर, पट्टी सोडा की! हाताला चिकटली काय?"

गुड्रुनने पट्टी सोडली नाही. दिव्याची मधली मूठ तेवढी निर्जंतुक असते, कड नाही. पट्टीबरोबर एखादा जंतू हाडात शिरला, तर तो औषधांना सहजासहजी दाद देत नाही. पाय सुजतो, पू धरतो. कधी कापावाही लागतो. एगोनला तर पुन्हा छपरावर चढायचं होतं. पण पट्ट्यांचा दुसरा संच तळघरात, वाफेच्या यंत्रात होता. यायला चाळीस मिनिटं. आणि गेल्याच आठवड्यात दहा मिनिटांच्या खोळंब्यावरून हेबर्ले यांनी एका सिस्टरला सगळ्यांसमोर रडवलं होतं.

"साहेब, ही पट्टी बाद," ती म्हणाली. "माझा हात दिव्याला लागलाय."

यॉर्गने मान खाली घातली.

डॉक्टरांनी सावकाश वर पाहिलं. "कुणी बघितलं?"

"कुणीच नाही. मी सोडून."

मग हेबर्ले यांनी डावा हात जखमेतून बाहेर काढला आणि उजेडात धरला.

"दुसरा संच मागवा. जखम पुन्हा धुवायला घेऊ," ते हळू आवाजात म्हणाले. "आणि मलाही नवे हातमोजे द्या, सिस्टर. हाडाचं टोक लागून मोज्याचा हा अंगठा अर्ध्या तासापूर्वीच फाटलाय."