जरा मीठ कमी

व्हर्नेलने तंगडीचा पहिला घास घेतला आणि तिच्या काळजात चर्र झालं. चिकन झकास झालं होतं.

ते फसलेलं निघेल, या आशेवर ती आली होती. शिकागोत स्वयंपाकाची बक्षिसं मिळवून, टीव्हीवर झळकून डेल्फीन आपल्या गावी, मेकनला परतली होती. आता महागडी हॉटेलं सोडून तिने कागदी ताटल्यांतून तळलेलं चिकन विकायला काढलं होतं. दारात रांग. रांगेत निम्मी माणसं व्हर्नेलच्याच चर्चमधली. चर्चच्या जेवणात चिकन म्हटलं की वर्षानुवर्षं ते व्हर्नेलच्या हातचं.

तिने वरचा पापुद्रा सोलून पाहिला. तेलकट नाही. हाडापाशी कच्चं नाही. समोर तिचा नवरा ल्यूशस मान खाली घालून खात होता. घरी जेवताना त्याची बेसबॉलची बडबड थांबत नसे. इथे तो हाड फोडून चोखत होता.

"कसंय?"

"बरंय."

"नुसतं बरंय, तर त्या हाडाला सोड की."

ल्यूशसने हाड ताटलीत ठेवलं.

तेवढ्यात एप्रनला हात पुसत डेल्फीन स्वतःच टेबलापाशी आली. "व्हर्नेल आंटी, तुम्ही याल की नाही, धाकधूक होती. तुमच्या हातचं खाऊनच मला हे वेड लागलं. खरं सांगा, काय कमी आहे?"

शेजारच्या टेबलांवरची चर्चची मंडळी खायची थांबली.

"मीठ," व्हर्नेल म्हणाली. "जरा कमी पडलंय, पोरी."

डेल्फीनने वाद घातला नाही. ती आत गेली. "आता पुढच्या सगळ्या घाण्यांना मीठ वाढवा," तिचा आवाज बाहेर आला.

"मीठ बरोबर होतं," ल्यूशस हळूच म्हणाला.

"तुला काय कळतंय मिठातलं? डॉक्टरांनी तुझं बंद केलंय."

थोड्या वेळाने नवीन घाणा बाहेर आला. टेबलाटेबलावर ताटल्या गेल्या. व्हर्नेलची ताटली डेल्फीनने स्वतः आणली आणि खुर्ची ओढून ती समोरच बसली.

"बघा बरं आता."

पहिल्या घासाला व्हर्नेलची जीभ आवळली. मागच्या टेबलावर कुणीतरी पाणी मागितलं. मग आणखी कुणीतरी.

"आता जमलं," व्हर्नेल म्हणाली.

"मग खा ना. गरम आहे तोवर."

डेल्फीन उठली नाही. तिची नजर व्हर्नेलच्या तोंडावरून हलत नव्हती. ती थट्टा करत होती की खरंच आग्रह करत होती, व्हर्नेलला कळेना. ती खात राहिली, पार हाड लागेपर्यंत.  ल्यूशसने आपला बर्फाचा चहा उचलला आणि तिच्यापुढे सरकवला.