झोक्यावरचं गाणं

"साईट माझी आहे. ती बंद करणारे तुम्ही कोण?" मयुरीने टेबलावर हात आपटला.

हेमराजने पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला. धुळ्याच्या देवपुरातल्या दोन खोल्यांमधून तो लोकांच्या वेबसाईट आपल्या सर्व्हरवर सांभाळायचा. शाळांच्या, कापसाच्या जिनिंगवाल्यांच्या, एका बँडवाल्याचीसुद्धा. मयुरीची साईट चार वर्षं त्याच्याकडे होती. पाच दिवसांपूर्वी त्याने ती बंद केली. आधी तीन मेल पाठवले होते. मयुरीने जाहिरात समजून एकही उघडला नव्हता.

साईटवर बायांची आखाजीची गाणी होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊ सासरी जाऊन बहिणीला माहेरी घेऊन येतो. मग निंबाला झोके बांधतात आणि झोक्यावर बाया गातात. घरात जे तोंडातून निघत नाही, ते तिथे निघतं. पुरुष तिकडे फिरकत नाहीत. मयुरी चाळीसगावजवळच्या खेड्यातली. धुळ्याच्या कॉलेजात शिकवायची, पण आखाजीला गावी जायची. निंबाच्या बुंध्याशी मोबाईल रेकॉर्डिंगला ठेवून दिला की कोणाला काही विचारावं लागत नसे.

येत्या रविवारी पुण्यात तिचा सत्कार होता. स्टेजवर मंजुळाबाईचं, मयुरीच्याच गावच्या माहेरवाशिणीचं, गाणं वाजणार होतं. साईटवर सगळ्यात जास्त ऐकलं गेलेलं तेच. भावाने गोड बोलत कागदावर अंगठा उमटवून बहिणीचं शेत कसं घेतलं, त्याचं गाणं. त्यात भावाचं नावही होतं, अभिमन.

तक्रार त्याच एका गाण्याची होती, हेमराज म्हणाला. ते काढा, बाकीची साईट आत्ता सुरू करतो.

"म्हणजे लग्न लावा, फक्त नवरी आणू नका," मयुरी म्हणाली. "तक्रार अभिमन नानाचीच ना? शेत खाल्लं, आता गाणं खायचंय त्याला."

"नाही मॅडम. बाई स्वतः आली होती."

मंजुळाबाई सासरच्या पिंपळनेरहून एसटीने एकटी आली होती. साईटच्या तळाशी हेमराजचा पत्ता होता, तो तिने कोणाकडून तरी वाचून घेतला होता. दोन तास बाकावर बसली. चहाला नाही म्हणाली. माझा आवाज काढून टाक बाबा, एवढंच म्हणाली. ज्या बाईचा आवाज, तिचीच तक्रार. एकच गाणं काढायचा पासवर्ड मयुरीकडेच होता, हेमराजपुढे दुसरा रस्ता नव्हता. लेखी संमती आणा, पाच मिनिटांत गाण्यासकट साईट सुरू करतो, असं त्याने मयुरीला सांगितलं.

मंजुळाअक्का. हिच्या मोतीबिंदूसाठी तिने धुळ्यात दवाखाना गाठला होता. आठ दिवस आपल्या घरी ठेवून डोळ्यात औषध घातलं होतं. हिचं नाव कुत्रं विचारत नव्हतं, ते पुण्यापर्यंत नेलं होतं. आणि हिनेच केसाने गळा कापला.

तिने हेमराजकडूनच संमतीपत्र छापून घेतलं आणि पिंपळनेरची गाडी पकडली. साक्री येईपर्यंत ती मनातल्या मनात अक्काशी भांडत होती. साक्रीनंतर तिला वाटायला लागलं, अक्का असं करणार नाही. अभिमनने धमकी दिली असणार. मग राग तिकडे वळला आणि तिला जरा बरं वाटलं.

मंजुळाबाई ओट्यावर बियाण्यासाठी शेंगा फोडत बसली होती. तिने आधी पाणी दिलं. मयुरीने ते तसंच ठेवलं. कोणाच्या सांगण्यावरून धुळ्याला गेलीस, नाना आला होता का, घाबरू नकोस, मी पोलिसात जाईन, असं ती एका दमात बोलून गेली.

मंजुळाबाईने शेंगा फोडणं थांबवलं नाही. अभिमन काहीच बोलला नव्हता. तेच तर झालं होतं. माहेरच्या पारावर कोणीतरी मोबाईलवर तिचं गाणं लावलं, चार माणसं हसली, अभिमन उठून घरी गेला. परीक्षेच्या ड्युटीमुळे मयुरी यंदा आखाजीला गावी गेली नव्हती, म्हणून तिला पुढचं कळलं नव्हतं. एकेचाळीस वर्षं न चुकता आलेला भाऊ यंदा बहिणीला न्यायला आला नाही. मंजुळाबाई पिशवी भरून तीन दिवस याच ओट्यावर बसून होती.

"शेत दिधं ते माहेर ऱ्हावं म्हनीसन," ती म्हणाली. "आते ते बी गयं."

मयुरीने ठेवलेलं पाणी उचलून घोट घेतला. एकच. मग तिने रविवारचं सांगितलं. पत्रिका छापून झाल्यात, हॉल भरणार आहे, तुझा आवाज ऐकून लोक उभे राहतील. जे व्हायचं ते होऊन गेलं अक्का, आता गाणं काढून नाना थोडाच येणार आहे? आणि मी हे सगळं केलं कोणासाठी? तुझ्यासाठीच ना? बोलता बोलता तिने पर्समधून कागद काढला. मग शाईचा पॅड काढला.

मंजुळाबाईने सूप बाजूला ठेवलं. हात पदराला पुसले. मयुरी कागदावरचं वाचून दाखवायला लागली, तसं तिने मान हलवून थांबवलं आणि आपणहून अंगठा शाईत बुडवला.

"ऱ्हाऊ दे, वाचू नको. कोठे दाबू तेवढं सांग. भाऊनी बी तेवढंच सांगेल व्हतं."