आतली शिवण

"पहिलटकरीण आहे आमची. तो पोटावरचा व्रण ना, लग्नाआधी गाठ काढली होती तिची," सासूबाई म्हणाल्या. फाइलवरही तसंच लिहिलं होतं आणि खाली शेरा होता, धोका नाही.

डॉक्टर मृदुलाताईंनी सुनेच्या पोटावर जेल लावून सोनोग्राफी सुरू केली. पडद्यावर बाळ मजेत पाय झाडत होतं. आणि त्यांचा हात एकदम थांबला. गर्भाशयावर सिझेरियनची शिवण होती. म्हणजे ही पोर आधी एकदा बाळंत झाली होती! कुणाला पत्ताच नसता आणि ऐन कळांमध्ये ही शिवण उसवली असती तर? त्या सासूबाईंकडे वळल्या.

"हिला अजून पाणी पाजायला हवं, बाटली आणता का?" सासूबाई बाहेर गेल्या.

"पहिलं बाळ कुठंय गं?" मृदुलाताईंनी हळूच विचारलं.

पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "आईनं देऊन टाकलं कुणाला तरी. मला तोंडसुद्धा दाखवलं नाही. मॅडम, तुमच्या मशीनवर एवढं आतलं सगळं दिसतं. ते कुठं आहे, तेही दिसतं का हो?"